‘आणखी एक फेरी’ : रंगरुटाचा थकवा आणि परत येण्याची इच्छा

पहाटे साडेपाचच्या सुमारास मुंबईच्या उपनगरांतील कोणत्याही मोकळ्या जागेवर गेलात तर भरतीची तयारी करणारी मुले हमखास दिसतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला रस्ता असो, मुलुंड-घाटकोपरची मैदाने असोत. कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाला नौदलात, कुणाला पोलिसांत. अलीकडे त्यांत मुलीही असतात. यांपैकी काही आपलेच विद्यार्थी असतात आणि त्यांतले काही निवडलेही जातात. शाळेत पेढे येतात, फलकावर नाव लागते. मग महिन्याभराने एखाद्या रविवारी दुपारी दूरध्वनी येतो : “सर, इथं नाही जमत मला. परत यावंसं वाटतंय.”

अशा वेळी आपले उत्तर बहुधा दोहोंपैकी एक असते. “ये बाळा परत, दुसरं काहीतरी बघू,” किंवा “घाबरट आहेस का? टिकून राहा.” दोन्ही उत्तरे आपुलकीचीच, पण त्या मुलाच्या शरीरात आणि मेंदूत त्या घडीला काय चालले आहे याची विचारपूस दोन्हींत नाही. माझा विषय स्नायूंचे जीवरसायन हा आहे, लष्करशास्त्र नव्हे. तरीही हा प्रश्न मला विज्ञानाचाच वाटतो. शिवाय तो उपनगरांतल्या शाळांना दूरचाही नाही. घाटकोपर पूर्वेच्या कामराज नगरात राहिलेले मुरली नाईक डिसेंबर २०२२ मध्ये अग्निवीर म्हणून भरती झाले, नाशिकला प्रशिक्षण घेऊन तोफखान्यात गेले आणि ९ मे २०२५ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर धारातीर्थी पडले. आपल्याकडची मुले नाशिकला जातात, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जातात, नौदलासाठी ओडिशातल्या चिल्का येथे जातात. नौदलाचे प्राथमिक प्रशिक्षण १६ आठवड्यांचे, भूदलाचे सुमारे सात महिन्यांचे. परत येण्याची इच्छा मात्र बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांतच गाठते.

आपण मुलांची तयारी करून घेतो ती मुख्यतः भरतीच्या दिवसाची. भूदलाच्या चाचणीत १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत धावले की पूर्ण ६० गुण मिळतात. गणित केले तर हा वेग सेकंदाला ४.८५ मीटर, म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर भरतो. वेग चांगलाच आहे. पण तो साडेपाच मिनिटेच टिकवायचा असतो, आणि शेवटची रेषा डोळ्यांसमोर असते. प्रशिक्षण याच्या अगदी उलट. वेग कमी, पण पहाटेपासून रात्रीपर्यंत काही ना काही चालूच : पीटी, ड्रिल, वर्ग, शस्त्रांची ओळख, बॅरकची सफाई, आणि चुकले की रगडा. यांतली कोणतीही एक गोष्ट असह्य नसते. असह्य होते ती बेरीज.

बोट, वजन आणि तोंडी परीक्षा

थकवा नेमका कुठे असतो? स्नायूत, असे उत्तर मुले देतील, आणि आपणही बरीच वर्षे तेच शिकवत आलो. ग्लायकोजेन संपते, आम्लता वाढते, स्नायू आखडतो. हे खोटे नाही, अपुरे आहे.

इटलीतील तुरीन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी १८९१ मध्ये थकव्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी एक साधे उपकरण बनवले होते. हात पट्ट्यांनी बांधायचा, मधल्या बोटाला दोरी लावून तिला वजन टांगायचे, ठरावीक तालावर बोट वाकवून वजन उचलत राहायचे. प्रत्येक उचल धुरकट कागदावर रेघ होऊन उमटते. रेघा हळूहळू आखूड होतात आणि शेवटी बोट हलेनासे होते. मोसोंचा खरा मजेदार प्रयोग पुढे आहे. त्यांचे सहकारी डॉ. माज्जोरा यांना विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घ्यायच्या होत्या. परीक्षेआधी आणि नंतर त्यांच्या बोटाच्या रेघा घेतल्या. परीक्षा घेताना बोटाने काहीच काम केलेले नव्हते, तरी नंतरच्या रेघा फार लवकर आटोपल्या. (उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवून जिना चढणाऱ्या शिक्षकांना याचा पुरावा मागावा लागणार नाही.)

याच गोष्टीची आधुनिक तपासणी सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. १६ जणांना एकदा ९० मिनिटे संगणकावर लक्ष एकवटून करण्याचे कंटाळवाणे काम दिले आणि दुसऱ्या खेपेस तेवढाच वेळ गाड्यांविषयीचे माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दमून थांबेपर्यंत स्थिर सायकल चालवायला लावली. माहितीपटानंतर माणसे सरासरी ७५४ सेकंद टिकली, मेंदू शिणल्यावर ६४०. हृदय, श्वसन, रक्तातले लॅक्टेट यांत या फरकाचे कारण सापडेना. फरक होता तो एकाच गोष्टीत : शिणलेल्या माणसांना तेच पेडल सुरुवातीपासून जड वाटत होते.

या ‘जड वाटण्याला’ मोजपट्टीही आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी जाणवणाऱ्या श्रमांची ६ ते २० अशी श्रेणी तयार केली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे यापुढे अशक्य. सहापासून सुरुवात का, हे मुले विचारतील. तरुण माणसाच्या नाडीचे ठोके साधारण त्या आकड्याच्या दहापट येतात, म्हणून. माणूस थांबतो तो बहुधा स्नायू संपला म्हणून नव्हे, तर हा आकडा त्याला मान्य असलेल्या मर्यादेला पोहोचला म्हणून.

स्नायूत शिल्लक उरते याचा पुरावा १९६१ मध्ये मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस यांनी दिला. माणसाला दर मिनिटाला पूर्ण ताकदीने हात ओढायला सांगायचे. मधूनच त्याच्या मागे उभ्या माणसाने अचानक पिस्तुलाचा बार काढायचा. बारानंतरची ओढ सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. ओढताना त्या माणसाने स्वतःच मोठ्याने ओरडले तर वाढ सुमारे १२ टक्के. मघाशी ‘पूर्ण ताकद’ लावली असे तो प्रामाणिकपणे सांगत होता, पण मेंदूने काही हात राखून ठेवला होता. मराठा लाइट इन्फंट्रीची ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही युद्धगर्जना ज्यांनी रूढ केली त्यांनी हा प्रयोग वाचलेला नव्हता. प्रयोग करणारे मागाहून आले, इतकेच.

शेवट कुठे आहे?

मेंदू हात राखतो तो कशाच्या हिशेबाने? उरलेल्या अंतराच्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावपटूंना फिरत्या पट्ट्यावर ठरावीक वेगाने धावायला लावले. एकदा त्यांना आधीच सांगितले, २० मिनिटे धावायचे आहे. दुसऱ्या वेळी सांगितले १० मिनिटे, आणि दहावे मिनिट संपताच म्हटले, आता आणखी १०. वेग तोच, पट्टा तोच. तरी त्या क्षणापासून जाणवणाऱ्या श्रमांचा आकडा एकदम वर गेला आणि मनाची प्रसन्नता खाली आली. पायांना काही कळलेच नव्हते. कळले होते ते हिशेबनिसाला.

आता उस्तादाची आठवण करा. (सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात.) फेरी संपत आली की तो हुकूम सोडतो, “एक राउंड और!” रंगरुटाला हा छळ वाटतो. त्यात छळाचा अंश कधीच नसतो असे मी म्हणणार नाही. पण लढाईत अंतर आधी सांगून कोणी येत नाही, तेव्हा शेवट माहीत नसताना चालत राहण्याची सवय हा प्रशिक्षणाचा मुद्दाम ठेवलेला भाग आहे. हे ज्याला आधी समजावून सांगितले आहे त्याला ती जादा फेरी आपल्या एकट्यावरचा अन्याय वाटत नाही, आणि तेवढ्यानेही आकडा थोडा खाली राहतो.

सात महिने हे अंतर मेंदूच्या हिशेबात बसतच नाही. ‘अजून २७ आठवडे’ असा विचार रात्री बिछान्यावर पडून केला की उत्तर ठरलेले : अशक्य. बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत धीम्या गाडीत दाराशी चेंगरून उभा राहणारा माणूस चर्चगेटचा विचार करत नाही. तो कांदिवली मोजतो, मग मालाड, मग गोरेगाव. अंधेरीला थोडी हवा लागते हे त्याला ठाऊक असते. प्रशिक्षणात नाश्ता, जेवण, रविवार ही तशी स्थानके आहेत. युक्ती जुनी असली तरी फसवी नाही. जवळचा शेवट समोर ठेवला की मेंदू हात सैल सोडतो.

परत येण्याचा निर्णय कधी घेऊ नये हेही यावरूनच ठरते. रात्री, धाव संपल्यावर, रगडा खाल्ल्यावर, उपाशीपोटी किंवा झोप झालेली नसताना जो निर्णय होतो तो मोजपट्टीवरचा १९ हा आकडा वाचून झालेला असतो. तोच प्रश्न पुरी झोप आणि पोटभर जेवणानंतर विचारून पाहावा. उत्तर तेच आले तर ते ऐकण्याजोगे आहे.

झोपेचे थोडे अधिक सांगायला हवे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे शरीरघड्याळ मोठ्यांच्या मानाने उशिरा चालते. मेलाटोनिन हे संप्रेरक त्यांच्यात रात्री उशिराने पाझरू लागते. त्यात आपली उपनगरी मुले एक-एक वाजेपर्यंत जागी. असा मुलगा एकाएकी पहाटे चारला उठू लागला की पहिले दोन-तीन आठवडे त्याचा मेंदू कायम मार्कोरांच्या त्या शिणलेल्या गटात असतो. पुढे शरीर जुळवून घेते. रक्तद्रवाचे आकारमान पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच वाढते, त्यामुळे तेच काम कमी ठोक्यांत होते. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. स्नायूंतील तंतुकणिकांची संख्या व क्षमता काही आठवड्यांत वाढते. जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना बारा आठवडे पळवून ही वाढ जवळजवळ दुपटीची असल्याचे दाखवले होते. थोडक्यात, ज्या चौथ्या आठवड्यात मुलगा ‘मला हे कधीच जमणार नाही’ म्हणतो, त्याच वेळी त्याचे शरीर ते जमवण्याच्या अर्ध्या वाटेवर असते. फक्त त्याला ते दिसत नाही.

हाडाचे वेळापत्रक

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे दुखण्याकडे दुर्लक्ष करावे हेच खरे. नाही. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, कारण ‘टिकून राहा’ एवढेच सांगण्याने मुलांचे पाय मोडतात, अक्षरशः.

हाड ही जिवंत, सतत दुरुस्त होणारी वस्तू आहे. भार वाढला की हाड स्वतःला नव्या भाराप्रमाणे घडवू लागते, पण त्यासाठी आधी जुने हाड पोखरावे लागते. पोखरणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत काम उरकतात. नवे हाड भरून पक्के व्हायला मात्र तीन-चार महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात, नेमका हुरूप वाढलेला आणि स्नायू बळकट झालेले असताना, नडगी आणि पावलाची हाडे पूर्वीपेक्षा कच्ची असतात. अशा वेळी भार वाढतच राहिला तर हाडाला सूक्ष्म भेग जाते. त्याला ताण-अस्थिभंग म्हणतात. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांबच्या चालीनंतर शिपायांची पावले सुजतात हे नोंदवले. ही सूज म्हणजे मोडलेले हाड आहे हे समजायला १८९७ साल उजाडावे लागले, कारण क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा.

इस्रायलच्या सैन्यात या दुखण्याचा पाव शतक पाठपुरावा झाला. बूट, आतले पट्टे असे पुष्कळ उपाय करून पाहिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आढाव्यानुसार खरा परिणाम झाला तो दोन गोष्टींनी : रंगरुटाला रात्री किमान सहा तास झोप सक्तीची करणे आणि एकूण चाल कमी करणे. ताण-अस्थिभंग ६० टक्क्यांहून अधिक घटले. ज्या झोपेला आपण लाड समजतो तिच्यावर हाडाची दुरुस्ती अवलंबून असते.

मुलींमध्ये हे अस्थिभंग मुलांपेक्षा जास्त आढळतात. चिल्का येथून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडलेल्या नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत सुमारे २६०० जणांमध्ये २७० हून अधिक मुली होत्या. पुढच्या तुकड्यांतून आपल्याही विद्यार्थिनी जातील. लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी भरतीच्या चार महिने आधी करून घेणे ही आईवडिलांना सांगण्याजोगी गोष्ट आहे. इमारतींच्या सावलीत आणि शिकवणी वर्गांत वाढलेल्या आपल्या मुलांना ऊन मिळते तरी किती!

सोसायचे दुखणे आणि सांगायचे दुखणे यांत फरक करता येतो. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखत असतील आणि हालचाल सुरू केल्यावर दुखणे सैल होत असेल, तर ते स्नायूंचे. कुठे दुखते असे विचारल्यावर मुलगा तळहात फिरवून दाखवतो. एकाच पायात, हाडावर, एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, धावताना वाढत जात असेल आणि पुढे पुढे रात्रीही ठणकत असेल, तर ते हाडाचे असू शकते. तसेच उन्हात धावताना गोंधळल्यासारखे होणे, भलतेच बोलणे, अडखळणे ही उष्माघाताची चिन्हे आहेत. तिथे मिनिटांचा प्रश्न असतो आणि जोडीदाराने ती ओळखायची असतात. अशा वेळी एमआय रूममध्ये जाणे म्हणजे माघार नव्हे. मुले दुखणे लपवतात याचे कारण भित्रेपणा नसते. मागच्या तुकडीत ढकलले जाऊ, सोबती पुढे निघून जातील, ही भीती असते. भेग वेळेवर सापडली तर काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरते. लपवली तर हाड आरपार मोडू शकते, आणि मग मागची तुकडीही राहत नाही.

सोबत्यांची ही ओढ मात्र मोठी गोष्ट आहे. ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, एकट्याने वल्हवल्यानंतरच्या मानाने संघाने एका लयीत वल्हवल्यानंतर वेदना सोसण्याची मर्यादा बरीच वाढलेली आढळली. काम दोन्ही वेळा तेवढेच होते. ड्रिलमध्ये तासन्‌तास पावले जुळवण्याला बाहेरचा माणूस हसतो. इतिहासकार विल्यम मॅक्नील यांनी स्वतः १९४१ मध्ये भरती झाल्यावर केलेल्या कवायतीवरून या विषयावर १९९५ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले. वारीत टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या आजीबाईंना विचारले तर त्याही हेच सांगतील.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये, लष्करी अकादमीचा पहिला खडतर उन्हाळा कोण पार पाडेल हे गुणपत्रकापेक्षा चिकाटीच्या प्रश्नावलीवरून बरे सांगता येते, असे दाखवले आणि ‘चिकाटी’ हा शब्द फार गाजला. २०१७ च्या मोठ्या आढाव्यात मात्र ती काटेकोरपणा या जुन्याच गुणापेक्षा फारशी वेगळी नाही असे निघाले. मुलांवर ‘चिकाटी आहे’ आणि ‘चिकाटी नाही’ असे शिक्के मारण्यासाठी हे संशोधन वापरू नये, असे माझे मत आहे.

शिवाय काहींनी हा मार्ग सोडणेच योग्य असते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींच्या पहिल्या तुकडीला १९ जागा होत्या. ३० मे २०२५ रोजी १७ जणी बाहेर पडल्या. पण मुलाला आधी एक गोष्ट माहीत असावी : अग्निपथ योजनेच्या अटींनुसार अग्निवीराला चार वर्षे पुरी होण्यापूर्वी स्वतःच्या विनंतीवरून सोडता येत नाही, अगदी अपवादात्मक परिस्थितीचा अपवाद सोडून. म्हणून जायचे की नाही याचा विचार अर्ज भरण्यापूर्वीच शांतपणे व्हायला हवा, आणि तिथे शिक्षकाचा उपयोग दूरध्वनीवरच्या दोन मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त आहे. निवड झाल्यापासून जायच्या दिवसापर्यंतचे महिनेही वाया घालवू नयेत : झोपेची वेळ दर आठवड्याला थोडी अलीकडे आणावी, वेगाच्या धावण्यापेक्षा लांब चालणे वाढवावे, पाठीवर थोडे वजन घ्यावे, जाड बूट घालून सवय करावी. हाडाला तीन-चार महिने हवे असतात, ते घरीच देता येतात.

तरीही दूरध्वनी आलाच तर उपदेशाआधी तीन प्रश्न विचारावेत. काल किती झोपलास? दुखते ते बोटाने दाखवता येते की तळहाताने? आणि हा विचार सकाळी नाश्त्यानंतरही येतो, की रात्रीच?

वर्गात करून पाहा

शेवट माहीत असण्याचा परिणाम नववी ते बारावीच्या वर्गात पंधरा मिनिटांत दाखवता येतो. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे काटकोनात ठेवून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखे बसायचे. सारख्या ताकदीच्या मुलांचे दोन गट करा आणि ते एकमेकांना दिसणार-ऐकू येणार नाहीत असे ठेवा. पहिल्या गटाला सांगा, ६० सेकंद बसायचे. दुसऱ्याला सांगा, ४० सेकंद, आणि चाळिसावा सेकंद संपताच म्हणा, “आणखी २०.” दर १० सेकंदांनी प्रत्येकाने बोर्गच्या श्रेणीतला आपला आकडा जोडीदाराला सांगायचा, जोडीदाराने लिहायचा. गुडघ्याचे दुखणे किंवा दमा असलेल्यांना लेखनिक करा. ज्याला नको वाटेल त्याने कधीही उठावे. दोन्ही गटांच्या सरासऱ्यांचा आलेख एकाच कागदावर काढा आणि ४० ते ५० सेकंदांमधला चढ तपासा. मुले थोडी असतील तर फरक स्पष्ट दिसणार नाही. तेव्हा आठवड्याने गट उलटे करून पुन्हा करा. मात्र उलट्या खेपेस मुलांना युक्ती ठाऊक झालेली असेल, तेव्हा आलेख पहिल्यासारखा येतो का, याचा तर्क आकडे घेण्यापूर्वीच त्यांच्याकडून लिहून घ्या.